मीटरवरची न लागणारी लाइट: ज्याची तक्रार येत नाही, ते काम आधी बघा



गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिकवाले, स्पेअर पार्टवाले आणि दोन-चार गाड्या भाड्याने चालवणारे, आजचा विषय तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत मी हात चालवून दाखवतो. इथे जरा निवांत बोलू.

मीटरवर एखादी लाइट लागून राहिली की गिऱ्हाईक धावत येतं. चेक इंजिन लागली, एबीएस लागली, ऑइलची लाल लाइट लागली, की त्याच दिवशी फोन. पण जी लाइट लागायला पाहिजे तेव्हा लागतच नाही, तिच्यासाठी कोणीच येत नाही. शिरपूरच्या आमच्या काउंटरवर मी स्वतःहून विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "लाइटच लागत नही, मंग काय टेन्शन शे, भाऊ?"

टेन्शन तिथेच आहे. माझं मत सरळ सांगतो. लागून राहिलेल्या लाइटपेक्षा न लागणारी लाइट जास्त घाईची आहे. ती शोधणं हे गिऱ्हाइकाचं काम नाही, आपलं आहे. आणि पैसे मिळतात म्हणून कोणाची लाइट मुद्दाम बंद करून देणं हे काम कोणत्याही गॅरेजने घेऊ नये. आता हे का म्हणतो, ते समजून घ्या.

विझलेल्या लाइटचे दोन अर्थ

चावी ऑन केली, इंजिन अजून सुरू केलं नाही, अशा वेळी मीटरवर बऱ्याच लाइट एकदम लागतात. ती शोभा नाही. गाडी तुम्हाला सांगते, "बघा, माझे हे सगळे दिवे चालू आहेत, उद्या काही झालं तर मी सांगू शकते." मग एकेक लाइट विझते.

म्हणजे गाडी चालताना विझलेल्या लाइटचे दोन अर्थ निघतात. एक, सगळं ठीक आहे. दोन, बिघाड आहे पण सांगणारी लाइटच मेलेली आहे. गाडी पळत असताना या दोन्हींतला फरक कळायला काही मार्ग नाही. फरक कळतो फक्त चावी ऑन केल्यावरच्या त्या दहा सेकंदांत. आणि आपल्याकडे त्या दहा सेकंदांत ड्रायव्हर सेल मारून मोकळा झालेला असतो.

ऑइलच्या लाइटचं उदाहरण घ्या. इंजिनवर एक छोटा ऑइल प्रेशर स्विच असतो, त्याला बहुतेक जुन्या गाड्यांत एकच वायर. इंजिन बंद असताना ऑइलचा दाब नसतो, स्विचचे पॉइंट जुळलेले असतात, लाइटला अर्थिंग मिळतं आणि लाइट लागते. इंजिन सुरू झालं, दाब तयार झाला की पॉइंट सुटतात आणि लाइट विझते. आता उंदराने ती वायर कुरतडली असं समजा. लाइट कधीच लागणार नाही. दाब असो नसो, मीटर सारखंच दिसणार. पुढे एक दिवस ऑइल गळून दाब जाईल, तेव्हा ड्रायव्हरला पहिली खबर मिळेल ती इंजिनच्या आवाजातून. तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं.

आपला रस्ता कसा आहे, ते आठवा

आपण मुंबई-आग्रा महामार्गावर बसलोय. जुना 3 नंबर, आता 52. इकडे धुळे, तिकडे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश, बिजासन घाट आणि सेंधवा. आपल्या गॅरेजपुढे एमएच 18 आणि एमपी 46 शेजारी शेजारी उभ्या असतात. कापूस भरलेला छोटा हत्ती, भाजीची पिकअप, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप, सगळ्यांना हाच रस्ता.

4 जुलै 2023 ला पळासनेरला काय झालं, ते तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. मध्य प्रदेशकडून धुळ्याच्या दिशेने येणारा कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान 10 माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा पोलिसांकडून सांगितलं गेलं. त्या अपघाताला मी मीटरच्या लाइटशी जोडत नाही. मुद्दा एवढाच की आपल्या गॅरेजमधून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात त्याच रस्त्यावर, त्याच उतारावर असते. इथे ब्रेकची खबर देणारी लाइट मुकी असणं परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गाडीचा मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा, हे नेहमीचं. लाइट बंद करून घेतो मालक. रात्री दोनला घाट उतरतो ड्रायव्हर. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की या गाडीची एबीएस बंद आहे. मालकाने पैसे वाचवले, आपण पैसे घेतले, आणि धोका गेला तिसऱ्याच्या वाट्याला. या सौद्यात त्याला कोणी विचारलंच नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे.

तीस सेकंदांची तपासणी

गाडी कामाला आली, मग ती फक्त वायपर बदलायला का आलेली असेना, पहिलं हे करा. चावी ऑन, सेल मारायचा नाही, दहा सेकंद थांबायचं आणि बघायचं.

ऑइल आणि बॅटरीची लाल लाइट: लागली पाहिजे, आणि इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलीच राहिली पाहिजे.

चेक इंजिन: बहुतेक गाड्यांत लागते आणि इंजिन सुरू झाल्यावर विझते.

एबीएस आणि एअरबॅग: कारमध्ये लागतात आणि इंजिन सुरू न करताही काही सेकंदांत आपोआप विझतात. मोटारसायकलची एबीएस लाइट मात्र गाडी थोडी पुढे गेल्यावर विझते, तिथे गोंधळू नका.

ब्रेकची लाल लाइट: हँडब्रेक ओढला की लागली पाहिजे, सोडला की विझली पाहिजे.

मोठ्या गाड्यांत हवेच्या दाबाची लाइट आणि बझर: सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून ब्रेक पेडल पुन्हा पुन्हा दाबा. टाकीतली हवा कमी होत गेली की एका पातळीला लाइट आणि बझर आलेच पाहिजेत. हवा संपली तरी मीटर गप्प असेल, तर ती गाडी तशीच रस्त्यावर सोडू नका.

कोणत्या लाइट कधी लागतात, ते प्रत्येक गाडीच्या माहिती पुस्तिकेत दिलेलं असतं. नव्या गाडीवर हात घालण्याआधी ते पान बघा. जी लाइट त्या मॉडेलमध्ये नाहीच, तिला शोधत बसू नका.

लाइट लागत नाही, आता कुठून सुरुवात?

इथे बरेच जण थेट मीटर खोलतात. तसं करू नका. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर.

पहिला प्रश्न: एकच लाइट मेली आहे की सगळ्या? सगळ्या मेल्या असतील तर मीटरचा फ्यूज, मीटरला येणारा सप्लाय आणि अर्थिंग बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, चावी ऑन ठेवून दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. एकच लाइट मेली असेल तर दोष तिच्या बल्बमध्ये, वायरमध्ये किंवा स्विचमध्ये.

ऑइलची लाइट: जुन्या, एका वायरच्या स्विचची वायर काढा, चावी ऑन करा आणि वायर इंजिनच्या बॉडीला टेकवा. लाइट लागली तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच बदला. नाही लागली तर वायर तुटली आहे किंवा बल्ब उडाला आहे. नव्या गाड्यांत हा सिग्नल ईसीयूमार्फत जातो. तिथे वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय कुठलीही वायर कुठेही टेकवू नका.

बॅटरीची लाइट: ही सगळ्यात गमतीची. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये याच बल्बमधून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला की काही गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा चांगली रेस दिल्यावरच सुरू होतं. मग काय होतं? आधी बॅटरी बदलली जाते, मग अल्टरनेटर रिपेअरला जातो, आणि दोष असतो मीटरमधल्या काही रुपयांच्या बल्बचा. म्हणून बॅटरी विकण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि इंजिन सुरू असताना साधारण 13.8 ते 14.5. इंजिन सुरू असून आकडा 12 च्या घरातच राहिला, आणि चावी ऑन केल्यावर बॅटरीची लाइटही लागत नसेल, तर आधी त्या बल्बकडे जा. नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचा ताबा असतो, तिथे हे आकडे वर-खाली होतात. तिथे स्कॅनर लावा.

ब्रेकची लाइट: तिला दोन ठिकाणांहून सिग्नल येतो, हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डबीतला तरंगता सेन्सर. हँडब्रेकने लाइट लागते म्हणून खूश होऊ नका. साध्या दोन पिनांच्या सेन्सरचा कनेक्टर काढून, डायग्रामशी ताळा करून, दोन पिना जोडून बघा. लाइट लागली तर वायर ठीक, सेन्सर बघा. ब्रेक ऑइल गळून डबी रिकामी झाली तर खबर देणारा हाच सेन्सर आहे.

एबीएस आणि चेक इंजिन: इथे अंदाज चालत नाहीत. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. स्कॅनर सांगतो की ईसीयूने लाइट लावायचा हुकूम दिलाय का. हुकूम आहे आणि मीटरवर अंधार आहे, तर दोष मीटरच्या बाजूला. चांगल्या स्कॅनरवरून मीटरच्या लाइट लावूनही बघता येतात. काही गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून ठेवून चावी ऑन केली की मीटर स्वतःची तपासणी करून दाखवतं.

एअरबॅग: या सर्किटला टेस्ट लॅम्प नाही, मल्टिमीटर नाही, जुगाड तर नाहीच. चुकीचा करंट गेला तर एअरबॅग फुटू शकते, आणि तेव्हा तुमचं तोंड स्टिअरिंगसमोर असतं. स्कॅनरने कोड वाचा. कनेक्टर काढायचा असेल तर बॅटरी काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. हे काम शिकलेलं नसेल तर गाडी पुढे पाठवा. त्यात कमीपणा काही नाही.

मुद्दाम मारलेली लाइट कशी ओळखायची

प्रत्येक मेलेल्या लाइटमागे फसवणूक नसते. बल्ब जुना होतो, सोल्डर सुटतं, कनेक्टर हिरवा पडतो. पण काही लाइट मारलेल्या असतात. कोणी बल्ब काढतं, कोणी एलईडी उपटतं, कोणी मागून काळी टेप लावतं.

जरा हुशार जुगाड असा, की एअरबॅगची लाइट ऑइल किंवा बॅटरीच्या लाइटला जोडून टाकायची. चावी ऑन केली की लागते, इंजिन सुरू झालं की विझते, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक. म्हणूनच मघाशी दहा सेकंद थांबा म्हटलं. कारमध्ये एअरबॅगची लाइट आपोआप विझली नाही, आणि ऑइलच्या लाइटबरोबर एकाच क्षणी विझली, तर मीटरमागे कोणाचा तरी हात लागलाय असा संशय घ्या आणि स्कॅनरने खात्री करा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हेच करावं. नव्या कारना एप्रिल 2019 पासून एबीएस, जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि जानेवारी 2022 पासून शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची झाली. त्यानंतरच्या कारमध्ये या लाइट दिसल्याच पाहिजेत. दिसत नसतील तर बयाणा देण्याआधी थांबा. मीटर एकदा खोललेलं असेल तर किलोमीटरच्या आकड्याकडेही संशयाने बघा. काही गाड्यांत ईसीयूमधला आकडा स्कॅनरवर वेगळा वाचता येतो. दोन्ही आकडे जुळवून बघा. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच स्कॅनरवर दिसतं. तो आकडा अगदी छोटा असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी घर झाडून ठेवलंय.

आता धंद्याचं बोलू

तुम्ही म्हणाल, "सर, गिऱ्हाईक वायपरला आलंय, त्याला हे सांगितलं तर म्हणेल बिल वाढवतोय." बरोबर आहे. हा संशय खोटा नाही, आपल्या धंद्याने तो कमावलेला आहे. म्हणून पद्धत बदला. बोलण्याआधी दाखवा. चावी ऑन करून गिऱ्हाइकाला सीटवर बसवा आणि विचारा, "ऑइलची लाइट कुठे दिसते का?" त्याने स्वतः बघितलं की अर्धं काम झालं. मग म्हणा, "आज करायचं की नंतर, तुम्ही ठरवा. मी जॉबकार्डवर लिहून ठेवतो." आणि खरंच लिहून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना चावी ऑन करून मीटरचा एक फोटो काढायचा आणि गाडी नंबरने ठेवायचा. दिवसाला दहा गाड्या आल्या तरी पाच-सात मिनिटांचं काम आहे. उद्या कोणी म्हणालं, "तुमच्याकडे दिली तेव्हा एअरबॅगची लाइट ठीक होती," तर फोटो बोलतो. आवाज चढवायची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट, तपासणीचे पैसे घ्या. सांगून घ्या आणि वेगळे घ्या. माझ्याकडे बोर्डवर दर लिहिलेला आहे. बरेच जण म्हणतात की काम केलं तर तपासणीचे पैसे बिलात वळते करावेत. मला हे पटत नाही. तपासणी फुकट केली की पैसे पार्टमध्येच काढावे लागतात. मग वायर तुटलेली असताना सेन्सर विकायचा मोह होतो, बल्ब उडालेला असताना बॅटरी विकायचा मोह होतो. शोधण्याचे पैसे मिळाले, तरच "दोष पाच रुपयांचा निघाला" हे वाक्य दुकानदाराला परवडतं. आपल्या भागात डॉक्टरची फी देताना कोणी कुरकुर करत नाही, कारण फी आणि औषध वेगळं आहे हे लोकांना माहीत आहे. आपणही ते वेगळं ठेवलं तर सवय लागेल.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. गिऱ्हाईक म्हणतं, "एबीएसची लाइट काढून टाका, पासिंग आहे," किंवा "गाडी विकायची आहे." नाही म्हणा. मला माहीत आहे, एकच पिकअप, तिचेही हप्ते चालू, आणि एबीएसचं युनिट हजारोंत जातं. त्या माणसाची अडचण खरी आहे, त्याला लेक्चर देऊ नका. त्याला हे सांगा, "आज पैसे नसतील तर काम पुढच्या महिन्यात करू. पण लाइट लागलेली राहू द्या. एबीएस बंद असली तरी साधा ब्रेक चालतो, फक्त जोरात दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. लाइट दिसली की ड्रायव्हर अंतर ठेवून चालवेल." काम लांबवणं ही पैशांची गोष्ट आहे. लाइट विझवणं म्हणजे ड्रायव्हरपासून लपवणं. पहिल्यात मी गिऱ्हाइकाबरोबर आहे, दुसऱ्यात नाही.

"आपण नाही केलं तर पुढचा करेल," हे मी रोज ऐकतो. करेल. ते गिऱ्हाईक जाईल, आणि कदाचित परत येणार नाही. हा तोटा मी मान्य करून सांगतोय. पण ज्याच्या चार गाड्या घाटात रोज ये-जा करतात, त्या मालकाला शेवटी असा माणूस लागतो ज्याच्या हातून निघालेलं मीटर खरं बोलतं. असा मालक वर्षभर काम देतो. पासिंगच्या आदल्या दिवशी येणारा वर्षातून एकदा येतो, तोही घासाघीस करत.

आता काम. उद्या सकाळी स्वतःच्या गाडीपासून सुरुवात करा. चावी ऑन, दहा सेकंद, सेल नाही. कोणत्या लाइट लागल्या, ते कागदावर लिहा आणि पुस्तिकेशी जुळवा. मग दुकानातल्या पोरांना तेच करायला लावा आणि जॉबकार्डवर त्यासाठी एक ओळ वाढवा. आठवडाभरात किती गाड्यांत एखादी लाइट मुकी निघाली, तो आकडा खाली कमेंटमध्ये कळवा. गाडीचा नंबर किंवा मालकाचं नाव नको, फक्त मॉडेल, लाइट आणि सापडलेला दोष. जो दोष सगळ्यात जास्त वेळा येईल, पुढच्या व्हिडिओत तोच खोलून दाखवतो.